मोटर चाचणीच्या जागी टिटवी अंडी घालू नये म्हणून काय करावं? मदत हवी आहे

सासवडजवळच्या माळावर छोट्या रॉकेट मोटरची स्थिर चाचणी (मोटर उडू न देता स्टँडला घट्ट बांधून पेटवणं) घ्यायची आहे, परवानगी आहे. ठिणगीने वणवा नको म्हणून स्टँडभोवती दहा मीटर गवत काढून मुरूम उघडा केला. नेमकी तीच जागा टिटवीला आवडते! ती खड्यांच्या उथळ खळगीत बहुधा ४ अंडी घालते, ठिपके मुरमात मिसळून जातात. पायाखाली आली तरी कळत नाहीत. धुराबरोबर नाकतोडे उठले की कोतवाल नि घारी येतात, पण त्या उडून जातात; अंडी कुठे जाणार? उबवायला महिनाभर लागतो, तेवढी चाचणी पुढे ढकलूच. पण मुळात तिथे घरटं होऊ नये म्हणून मुरमावर ओलं गोणपाट अंथरावं की पत्रा?