गृहपाठ न आणणारा मुलगा आळशीच असतो का? ठरवायचं कसं?

खडूफळा:
सातवीतला एक मुलगा गणिताचा गृहपाठ कायम अर्धवट आणतो. शिक्षकांच्या खोलीत त्याच्यावर 'आळशी' असा शिक्का बसलाय. दोष स्वभावाचा की परिस्थितीचा, हे तपासायची काही पद्धत आहे का? 'समजून घ्या' एवढंच सांगू नका, करायचं काय ते सांगा.

निरीक्षक:
मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड केली यांनी १९६७ मध्ये मांडलेले तीन निकष इथे कामी येतात: सहमती (इतरांचंही तसंच होतं का), वेगळेपणा (याच एका विषयात होतं का), सातत्य (दर वेळी होतं का). तीन आठवडे रोज एका ओळीची नोंद ठेवा. तारीख, वार, विषय, वही पूर्ण की अपूर्ण, आणि त्या दिवशी वर्गात आणखी किती वह्या अपूर्ण होत्या.

बाकीच्यांच्या वह्या पूर्ण, याच्या सगळ्याच विषयांच्या अपूर्ण आणि तेही रोज, असं दिसलं तर कारण मुलाकडे शोधायचं. निम्म्या वर्गाच्या वह्या अपूर्ण असतील तर गृहपाठच तपासा. फक्त सोमवारी वही कोरी असेल तर रविवारी घरी काय चालतं ते विचारा. आठवडी बाजारात दुकान लागत असेल. आणि फक्त गणितच अडत असेल, तेही दररोज, तर बहुधा मागच्या इयत्तेतलं काही कच्चं राहिलंय. अपूर्णांक आणि भागाकाराची दहा उदाहरणं समोर बसवून सोडवून घ्या.

सहमतीचा रकाना, म्हणजे बाकीच्यांच्या अपूर्ण वह्यांचा आकडा, गाळू नका. लोक नेमकं तिकडेच सगळ्यांत कमी बघतात, हे लेस्ली मॅकआर्थर यांच्या १९७२ च्या प्रयोगात दिसलंय.

दुसरी बाजू:
नोंद होईपर्यंत मत बनवू नका, हे अवघड का जातं तेही सांगते. जोन्स आणि हॅरिस यांनी १९६७ मध्ये लोकांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे निबंध वाचायला दिले. बाजू लेखकाला नेमून दिली होती हे सांगूनही वाचकांना तो कॅस्ट्रोसमर्थकच वाटला. परिस्थिती सोडून स्वभावालाच कारण धरायच्या या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत गुणारोपण दोष म्हटलं. गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची यंत्रणा दाखवली: स्वभावाचा शिक्का आपोआप बसतो, परिस्थितीची दुरुस्ती मात्र लक्ष देऊन करावी लागते. डोकं दुसऱ्या कामात गुंतलं की ती राहून जाते. म्हणून चाळीस मुलांचा तास चालू असताना निवाडा नको; वही बाजूला ठेवा, शाळा सुटल्यावर बघा.

सावली:
दोन्ही उत्तरं पटली, पण एक खड्डा राहिला. 'आळशी' खोडून 'बिचाऱ्याला गणित जमत नाही' लिहिलं तर नुकसान वाढतं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वाइनर यांच्या मांडणीत कारण टिकाऊ आहे का आणि आपल्या हातात आहे का, हेही बघतात. 'जमत नाही' हे टिकाऊ आणि हाताबाहेरचं. शिक्षकाची कीव दिसली की मूल 'आपल्यात कुवतच नाही' असा अर्थ काढतं. शेरा कामाबद्दल लिहा: 'भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज अडते.'

खडूफळा:
नोंद सोमवारपासून सुरू करतो. सहावीच्या प्रगतिपुस्तकातले शेरे आधी वाचावेत का?

निरीक्षक:
नको. तीन आठवडे झाल्यावर वाचा, नाहीतर तेच शोधत बसाल.