मदत हवी आहे: एसएसडीची (लॅपटॉपमधल्या चिपवाल्या डिस्कची) हेल्थ एका रात्रीत ८९ वरून ८८ झाली, बदलू का?

दुकानदार_कराड
क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. काल ८९% होतं, आज ८८%. म्हणजे रोज एक टक्का धरला तर तीन महिन्यांत खेळ खलास? खालच्या यादीत शेवटच्या ओळीत एररसमोर भरपूर शून्यं आणि मग ७डी० असं काहीतरी आहे. लॅपटॉप मध्येमध्ये अडकतो. रिपेअरवाला म्हणतो ड्राइव्ह चाललाय, आजच बदला. आज संध्याकाळपर्यंत त्याला सांगायचंय, लवकर सांगा.

बिनतारी
कुठला ड्राइव्ह? किती जीबी? साटा की एनव्हीएमई (जोडणीचा प्रकार)? किती वर्षं वापरताय? पूर्ण विंडोचा स्क्रीनशॉट टाका.

कोकमसार
माझ्या फोनच्या बॅटरीची हेल्थ ८२ आहे आणि व्यवस्थित चाललंय. ८८ म्हणजे उत्तम. काळजी नको.

जुनाट_पीसी
म्हणून मी एसएसडी घेतच नाही. २००९ ची हार्ड डिस्क आहे, अजून टकाटक.

बिनतारी
@कोकमसार, इथे बॅटरीचा काय संबंध?

दुकानदार_कराड
स्क्रीनशॉट जमत नाहीये, फाइल मोठी आहे म्हणतंय. एनव्हीएमई, ५१२ जीबी, पण विंडोजमध्ये ४७६ च दिसते (हेही विचारायचं होतं, ३६ जीबी गेले कुठे?). वर लिहिलंय टोटल होस्ट राइट्स (आजवर लिहिलेला डेटा) ३६१४२ जीबी. तापमान ४४. दोन वर्षं झाली. बदलू की नको एवढंच सांगा.

खुर्चीपंडित
३६ जीबी कुठेही गेले नाहीत. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ५१२ चे ४७६ च होतात.
आता मूळ प्रश्न. एनव्हीएमईमध्ये ते ८८ म्हणजे १०० वजा 'परसेंटेज यूज्ड' (किती टक्के झीज झाली), यादीतली ०५ ची ओळ. तुमची तिथे १२ असणार. हा आकडा फक्त पूर्णांकात सरकतो. ११ चा १२ कधीतरी व्हायचाच होता, तो नेमका काल झाला. दोन वर्षांत १२ गेलेत, त्या वेगाने उरलेल्या ८८ ना चौदा-पंधरा वर्षं लागतील. रोज एक टक्का हा हिशोब कुठून आला?

सेमीकोलन
पंडितजी, इतकं निर्धास्त करू नका. ५०० जीबीच्या बऱ्याच टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हना ३०० टीबीडब्ल्यू, म्हणजे ३०० टीबी लिहिण्याची मर्यादा, मिळतं, त्यातले ३६ टीबी संपले. ते संपलं की ड्राइव्ह मेला.

खुर्चीपंडित
टीबीडब्ल्यू ही वॉरंटीची मर्यादा आहे, मरणाची तारीख नाही. परसेंटेज यूज्ड १०० ओलांडून पुढे जातो, २५५ पर्यंत दाखवायची सोय आहे. आणि ३६ भागिले ३०० म्हणजे १२%, आकडा चोख जुळतोय. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

सेमीकोलन
दुकानाच्या लॅपटॉपवर दोन वर्षांत ३६ टीबी? बिलं आणि टॅली करून इतकं होत नाही. काहीतरी सतत लिहितंय. पॉवर ऑन अवर्स (चालू राहिल्याचे तास) किती?

दुकानदार_कराड
७००० च्या आसपास. दुकान उघडं असेपर्यंत चालू असतो. चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्यावरच होतं ना.

बिनतारी
हे आधी सांगायचं!!

सेमीकोलन
बघा. ३६१४२ भागिले ७००० म्हणजे तासाला पाच जीबी. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरले तर चारांचे तासाला ३.६ जीबी होतात. उरलेलं विंडोज आणि ब्राउझर. कॅमेऱ्यासाठी साधी हार्ड डिस्क लावा, ते एसएसडीचं काम नव्हे.

जुनाट_पीसी
मी तेच म्हणत होतो.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका आणि 'स्मार्टसीटीएल' (डिस्कचे हेच आकडे दाखवणारी कमांड) चालवा. सगळं साध्या आकड्यांत दिसतं.

बिनतारी
लिनक्स कशाला? क्रिस्टलडिस्कइन्फोतच फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज, १० डेक असं केलं की दशमान आकडे येतात. आत्ता दिसतंय ते सोळाच्या पद्धतीतलं आहे. ७डी० म्हणजे २०००. दादा, तसं करून ०१, ०३, ०डी, ०ई, ०एफ एवढ्या पाच ओळी लिहा. आणि सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती?

दुकानदार_कराड
०१ ला ०. ०३ ला १००. ०डी ला ९२. ०ई ला ०. ०एफ ला २००० (आता २००१ झालं!! वाढतंय). मोकळी ९ जीबी. रेकॉर्डिंग जागा संपेपर्यंत साठतं, मग जुनं पुसतं.

बिनतारी
०एफ म्हणजे एरर लॉगमधल्या नोंदी. विंडोज किंवा एखादं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर ड्राइव्हला न समजणारी कमांड देतं, ड्राइव्ह नाही म्हणतो, नोंद होते. अनेक ड्राइव्हवर लॅपटॉप सुरू केला की एक वाढतेच. खरी ओळ ०ई, डेटा खराब झाल्याची. ती शून्य. ०३, म्हणजे राखीव ब्लॉक, शंभर टक्के शिल्लक. ०१ चा इशाराही नाही. ड्राइव्ह ठणठणीत आहे.
अडकण्याचं कारण बहुधा ती ९ जीबी. एसएसडी गच्च भरली की आतली साफसफाई करायला जागा उरत नाही, वेगवान कॅशही (तात्पुरती साठवण) आकसते, आणि तुमचे कॅमेरे तर सारखे लिहीतच असतात.

खुर्चीपंडित
मला ती ०डी खटकते. ९२ वेळा ड्राइव्हला निरोप न देता वीज तुटली. लॅपटॉपला बॅटरी असताना हे कसं?

दुकानदार_कराड
बॅटरी गेलीय, चार्जरवरच चालतो. लाईट गेली की बंद.

खुर्चीपंडित
मग पैसे बॅटरीवर घाला. आणि टॅलीचा बॅकअप आजच बाहेर काढा. हेल्थ ९५% असतानाही कंट्रोलर (एसएसडी चालवणारी चिप) बसला की एसएसडी एका क्षणात गप्प होते, आदल्या दिवशी कसलाही आकडा हलत नाही. ही टक्केवारी फक्त झीज सांगते.

कोकमसार
मी जुनी एसएसडी कपाटात ठेवलीय, फोटो टिकतील ना?

सेमीकोलन
जेडेकच्या (चिप उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था) मानकात घरगुती ड्राइव्हला लेखनमर्यादा पूर्ण संपल्यावरही ३० अंशांत विजेविना एक वर्ष डेटा टिकायला हवा असं आहे. कमी झिजलेल्याचा जास्त टिकेल, पण एकुलती प्रत म्हणून ठेवू नका. नवा धागा काढा हो.

दुकानदार_कराड
रेकॉर्डिंग पाच दिवसांवर आणलं. दोनशेच्या वर जीबी मोकळे झाले आणि बिलाची विंडो लगेच उघडतेय. रिपेअरवाल्याला 'नाही' असं कळवलं. तो म्हणतो नेटवरच्या लोकांना काय कळतं. टॅली पेनड्राइव्हवर घेतलं.

बिनतारी
पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, कॅमेरेही त्यावरच वळवा.

सेमीकोलन
बॅकअप आणि कॅमेरे एकाच डिस्कवर? कमाल करता.

दुकानदार_कराड
दोन डिस्क कोण घेतंय इथे. बॅटरी ओरिजिनल घेऊ की लोकल चालेल?