मेलबर्नमधलं तुमचं पहिलं घर: कुठल्या भागातलं, कुठल्या काळातलं?

पारिजातक:
काल कामासाठी क्लेटनला गेले होते. सवयीने जुन्या रस्त्याला वळले आणि गाडी बाजूला घ्यावीच लागली. २००७ साली इथे आल्यावर आम्ही ज्या घरात भाड्याने राहिलो, ते पाडत होते. रस्त्याकडची भिंत गेली होती आणि न्हाणीघर भर उन्हात उघडं पडलं होतं. गुलाबी टाइल्स, वर काळी किनार. लेकीला पहिली अंघोळ मी तिथे घातली होती. बघवेना.

साठच्या दशकातलं घर. दर्शनी भिंत तीन टप्प्यांत मागे सरकत गेलेली. क्लेटन, माउंट वेव्हर्ली भागात अशी कितीतरी आहेत. वीट बघून ह्यांना वाटलं, वा, पक्कं घर! पण हे ब्रिक व्हिनीअर. भार सगळा आतल्या लाकडी सांगाड्यावर, वीट नुसती बाहेरून पांघरलेली. त्यात १९९१ पर्यंत व्हिक्टोरिया राज्यात नव्या घरालाही इन्सुलेशनची, म्हणजे भिंती-छपरात ऊब धरून ठेवणाऱ्या थराची, सक्ती नव्हती. पहिल्या जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, आम्ही तिघं हॉलमध्ये एका गादीवर, हीटरसमोर, आईने दिलेल्या दोन गोधड्या घेऊन झोपायचो.

तरी त्या घराने सांभाळलं आम्हाला. मागे लिंबाचं झाड होतं. तेही गेलं असणार.

शहरातून क्रॅनबर्नच्या दिशेने निघालात तर बघा, घरांचं वय कमी कमी होत जातं. रिचमंडला १८८०च्या आगेमागे बांधलेली, भिंतीला भिंत लावलेली टेरेस घरं, मरम्बीना-ओकलीला दोन महायुद्धांच्या मधले बंगले, मग आमचं क्लेटन, आणि शेवटी कालपरवा उभी राहिलेली. तुम्ही कुठे उतरलात? लिहा ना.

टार्नीटकर:
ताई, वाचून गलबललं. आम्ही थेट त्या कालपरवाच्या घरांतले, पण शहराच्या पश्चिमेला. २०१५ला टार्नीट स्टेशन सुरू झालं, पुढच्या वर्षी आमचं घर. ऊब आहे, दुहेरी काचा आहेत, तक्रार नाही. पण वळचण म्हणून नाहीच. छप्पर भिंतीपाशीच संपतं, दुपारचं ऊन थेट काचेवर. शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो.
आणि जमीन! मी परभणीचा. पाया खणताना माती बघितली आणि ओळखलीच. बेसॉल्टची काळी चिकणमाती, पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. म्हणून इथे खोल पाया न खणता वॉफल स्लॅब घालतात, अख्खं घर एका ताठ तराफ्यावर. भिंतीलगत झाडं लावू नका आणि एकाच बाजूला पाणी मुरू देऊ नका, हे बिल्डरने बजावून सांगितलं होतं.

रानमेवा:
क्लेटनला कुठे होतात ताई? स्टेशनच्या कुठल्या बाजूला? आम्ही २००९ला तिथेच होतो!!

कोबर्गची_सून:
आमचं १९२६चं, लाकडी फळ्यांचं कॅलिफोर्निया बंगला पद्धतीचं. पुढे जाडजूड खांबांचा व्हरांडा. ही घरं जमिनीवर नाही, लाकडी खुंटांवर उभी असतात, इथे स्टंप म्हणतात. आमचे रेडगम लाकडाचे होते, खालून कुजलेले. लेकाने स्वयंपाकघरात गोटी ठेवली की ती आपली आपण हॉलमध्ये जायची. मग रिस्टंपिंग केलं. माणसं घराखाली आडवी होऊन सरपटत गेली, जॅक लावून घर मिलिमीटर मिलिमीटर उचललं, काँक्रीटचे स्टंप घातले. वर मी चहा करत होते आणि भिंती कण्हत होत्या. जी दारं लागत नव्हती ती लागायला लागली, जी लागत होती ती अडकली :) प्लास्टरला तडे गेले ते वेगळेच. पण पुन्हा घ्यायचं झालं तरी हेच घेईन.
पारिजातक, टाइल मागून घ्यायची होतीत एक.

पारिजातक:
@कोबर्गची_सून, सुचलंच नाही गं. उद्या जाऊन विचारते.

टार्नीटकर:
ताई, जपून हं. त्या काळातल्या न्हाणीघरांच्या टाइल्समागे ॲस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात. २००३च्या अखेरीस पूर्ण बंदी आली, त्याआधीचं कुठेही निघू शकतं. स्वतः हात लावू नका, माणसांनाच विचारा.

निळू_फुलं:
कार्लटन, विद्यार्थी असताना. टेरेस घर, वर बिडाच्या जाळीची गॅलरी, अगदी लेस विणल्यासारखी. आत तीन मीटर उंचीची खोली आणि अंधार. पाच जण, एक संडास, तोही मागच्या अंगणात. मागे निळसर दगडाची गल्ली. शेजारच्या आजींनी सांगितलं की गल्ल्या मैल्याच्या गाड्यांसाठी ठेवलेल्या. सोन्यामुळे शहर श्रीमंत झालं, पण १८९७पर्यंत घरांना भुयारी गटारं नव्हती. रात्री माणूस येऊन मागच्या झडपेतून डबा बदलून न्यायचा. माझ्या आजोळच्या वाड्यातही मागे तशीच झडप होती. आज त्या गल्लीत लोक लग्नाचे फोटो काढतात. मला तो डबा उचलणारा माणूस आठवतो.

मालवणी_मसालो:
कुणी कौलांबद्दल लिहीना म्हणून लिहितो. इथली १९००-१९१५च्या काळातली घरं बघा, लाल कौलं. ते मार्सेल कौल, फ्रान्सचा नमुना. आणि आपलं कोकणातलं मंगळुरी कौलही त्याच नमुन्यावरचं, बासेल मिशनने १८६५ला कारखाना काढला. कॉलफील्डच्या पुढे ट्रेन पुलावरून जाते, आता छपरं वरून दिसतात. सकाळी कामावर जाताना खिडकीतून मला कुडाळ दिसतं. खरंच दिसतं.

पारिजातक:
मालवणी दादा 🙏

चकलीभाजणी:
विषय सोडून विचारते, डँडेनाँगला भाजणीसाठी सालीची उडीद डाळ चांगली कुठे मिळते? घरची संपली.

सायलीची_आई:
@चकलीभाजणी, व्यक्तिगत निरोप केलाय.
आमचं हायडलबर्ग वेस्ट. १९५६च्या ऑलिंपिकसाठी खेळाडूंचं गाव म्हणून बांधलेली घरं, नंतर सरकारच्या हाउसिंग कमिशनने गरजू कुटुंबांना दिली. हॉकीत सुवर्ण जिंकणारा आपला संघ त्या वेळी याच गावात मुक्कामाला होता हे कळल्यावर सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सगळे रस्ते पायी फिरून काढले. ऐंशी वर्षांचे होते.

निळू_फुलं:
हाउसिंग कमिशन म्हटल्यावर कार्लटन-फ्लेमिंग्टनचे उंच टॉवर आठवले. शहरभरातले असे ४४ टॉवर २०५१पर्यंत पाडणार म्हणे सरकार. माझी मैत्रीण तिथे वीस वर्षं राहते. तिच्या काँक्रीटच्या भिंतीत खिळा जात नाही, मुलांची सगळी चित्रं टेपने चिकटवलेली. कुठे जायचं हे तिला अजून कळवलेलं नाही.

चकलीभाजणी:
अरे देवा. तिला सांग, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, गरज पडली तर.

पारिजातक:
आत्ताच जाऊन आले. मुकादमाने अर्धी टाइल धुऊन, पिशवीत घालून दिली. लिंबाचं झाड अजून आहे, कुंपणापाशी. चार लिंबं आणली.