इन्व्हर्टरची बॅटरी वर कोण नेणार? (अर्जंट)
(कोल्हापूरकरांच्या मेलिंग लिस्टवरून; नावाऐवजी प्रत्येकाचा कोल्हापुरातला भाग)

शाहूपुरी:
मंडळी, आत्ताच आईचा फोन झाला, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३७ फूट आहे आणि गगनबावड्याकडं पाऊस थांबायचं नाव नाही. बॅटरी जिन्याखालीच आहे. २०१९ ला तिथंच बुडाली, नवी पण तिथंच बसवली कारण वायरिंग तिथं आहे म्हणे. ५०-६० किलोचं धूड, आणि बाबांना उचलू नका म्हटलं की ते हमखास उचलणार. कुणाचा भाचा, पुतण्या, दोन पोरं मिळतील का संध्याकाळपर्यंत? कोल्हापूरच्या संध्याकाळपर्यंत, आपल्या नव्हे.

नागाळा पार्क:
३७ ला कशाला घाबरताय वो? इशारा ३९ ला, धोका ४३ ला. मागं पण तुम्ही असंच घर वर नेलं होतं, पाणी आलंच नाही आणि फ्रिज महिनाभर माडीवर.

सचिव:
कृपया कुणाचे नंबर लिस्टवर टाकू नयेत. तिकडच्या मुलांची यादी माझ्याकडे आहे, मला वेगळी मेल करा. सहलीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहितीच आहे.

दुधाळीच्या वहिनी:
यादी राहू दे भाऊजी, आधी पोरं पाठवा. आणि नागाळा पार्क, तुमचं ३९-४३ नदीचं झालं, शाहूपुरीला नदी येत नाही, जयंती नाला येतो. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात सिलेंडर तरंगत फिरत होता, भरलेला, मला वाटायचं रिकामाच तरंगतो. तेव्हापासून रेग्युलेटर काढून ग्रिलला साखळीनं बांधते. आईंना सांग, लाईट आहे तोवर वरची टाकी भरून घ्या. त्या वेळी उपसा केंद्रंच पाण्यात गेली, सगळीकडं पाणी आणि नळ कोरडा, टँकरमागं घागर घेऊन पळाले मी.

मंगळवार पेठ:
आमच्याकडं पाणी येत नाही, पण बॅटरीचं सांगतो. आधी इन्व्हर्टर बंद, मेन स्विच बंद, मग काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर. आणि आडवी करायची नाही, ॲसिड सांडतं. माझी एक पँट गेली आहे त्यात, चांगली होती.

सचिव:
यादीबाबत अजून कुणाचीही मेल आलेली नाही.

शाहूपुरी:
गेली वर. बाबा आणि शेजारचा पोरगा, मी बोलत असतानाच, फोन ठेवला तेव्हा निम्म्या जिन्यात होते. काळी-लाल कुणी बघितली नाही. आता आई म्हणते डिस्टिल्ड वॉटरचा कॅन खालीच राहिला. आणि फ्रिज महिनाभर नव्हता, बारा दिवस.

नागाळा पार्क:
गणपती बसले तेव्हा वरच होता. मी स्वतः बघितलाय.