कायरोप्रॅक्टरकडे किती वेळा जावं? ३६ भेटींचा प्लॅन हातात आलाय

सुखदा (एडिसन, न्यू जर्सी)

जानेवारीत बर्फ काढताना कंबरेत अशी उसण भरली की फावडं ड्राइव्हवेवरच टाकून भिंत धरत घरात आले. नवरा ऑफिसच्या कामाला बंगळुरूला, चिरंजीव बेसमेंटमध्ये कानाला हेडफोन लावून. आयबुप्रोफेन आणि शेकाची पिशवी यांवर आठवडा काढला. आईला कराडला फोन केला तर म्हणाली, कुणी पायाळू शोध आणि पाठीला पाय लावून घे. एडिसनमध्ये जन्माची अशी चौकशी कुणाकडे करायची? शेवटी मैत्रिणीच्या सांगण्यावरून कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणक्यावर दाब-झटके देऊन उपचार करणारा, गाठला.

माणूस चांगला आहे, हे आधीच सांगते. नीट ऐकून घेतो, हात हलका आहे आणि दोन-तीन भेटींतच मला मोजे स्वतःचे स्वतः घालता यायला लागले. पण दुसऱ्या भेटीत त्यानं एक्स-रे पडद्यावर लावला. मानेचं वळण सरळ झालंय, कंबरेचा एक मणका तिरका आहे, म्हणून ३६ भेटी. आठवड्यातून तीनदा चार आठवडे, मग दोनदा आठ आठवडे, मग एकदा आठ आठवडे. त्यानंतर मेंटेनन्स, महिन्यातून दोनदा, आजन्म. दात रोज घासतो तसा मणका सांभाळायचा, म्हणे.

पैशाचा हिशेब असा. इन्शुरन्स वर्षाला २० भेटी देतो, दर भेटीला ४० डॉलर कोपे, म्हणजे आपल्या खिशातून द्यायचा ठरलेला वाटा. उरलेल्या १६ भेटी रोखीनं, प्रत्येकी ६५ डॉलर. एकूण १,८४० डॉलर. सगळे आत्ता एकदम भरले तर दहा टक्के सूट. कागद फ्रिजवर लावलाय आणि शुक्रवारपर्यंत सांगायचंय. नवरा म्हणतो, भरून टाक, पाठीशी कशाला खेळायचं.

वय ४४, दिवसभर लॅपटॉपसमोर. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत. किती वेळा जायचं हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

डॅलसचा बंड्या

मी कित्येक वर्षं महिन्यातून एकदा जातो, दुखत असो वा नसो. शनिवारी सकाळी पाठ कडाकडा मोडून घ्यायची आणि तिथून थेट डोसा खायला. बायको म्हणते सवय लागलीय. असेल. बाकी व्यसनांपेक्षा स्वस्त आहे.

पण ३६? माझ्या डॉक्टरनं सुरुवातीला सहा भेटी दिल्या आणि मग बघू म्हणाला. पैसे एकदम भरू नका, एवढं नक्की.

स्नेहल, फिजिओथेरपिस्ट, पुणे

सुखदाताई, आधी महत्त्वाचं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, चालताना पाऊल लटकं पडणं, यातलं काही झालं तर कायरो नको, फिजिओ नको, थेट इमर्जन्सी. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल तर पाठीला कुणाचाही हात लागण्याआधी आपल्या डॉक्टरांकडे.

ते काही नाही असं धरून लिहिते. अशी ताजी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते, उपचार कुठलाही घ्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात आणि गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मणक्याचं मॅनिप्युलेशन (कायरो करतात तसं हातानं दाब-झटके देणं, यालाच अ‍ॅडजस्टमेंटही म्हणतात) करून बघा म्हणतात. तेव्हा तुम्ही गेलात ते ठीकच. मोजे घालता यायला लागले त्याचं श्रेय त्यांच्या हाताला किती आणि गेलेल्या दिवसांना किती, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही.

किती वेळा, यावरच केलेला एक अमेरिकन अभ्यास २०१४ साली आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ४०० जणांना सहा आठवड्यांत शून्य, ६, १२ किंवा १८ वेळा मॅनिप्युलेशन दिलं. १२ भेटींचा परिणाम त्यातल्या त्यात बरा निघाला, १८ मुळे आणखी हाती फारसं लागलं नाही, आणि मुळात फरकही मोठे नव्हते. ते सगळे जुनाट दुखण्याचे रुग्ण होते. तुमचं दुखणं तर बर्फाइतकंच ताजं.

बंड्यादादा, तुमच्या बाजूनंही एक आहे. २०१८ मध्ये स्वीडनमध्ये तीनशेवर लोकांचे दोन गट केले. एक गट ठरवलेल्या अंतरानं कायरोकडे जाणारा, दुसरा दुखेल तेव्हाच. ठरवून जाणाऱ्यांचे वर्षभरातले त्रासाचे दिवस सरासरी १२.८ नं कमी झाले, आणि भेटी जेमतेम १.७ नं वाढल्या. पण त्यात घेतलेली माणसं कंबर वारंवार धरणारी आणि पहिल्या काही भेटींतच फरक पडलेली होती. पहिल्यांदाच उसण भरलेल्या बाईला तो निष्कर्ष लावता येत नाही.

आणि एक विचारते. त्या प्लॅनमध्ये व्यायाम कुठं आहे? उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेनं २०१६ पासून स्पष्ट म्हटलंय की मॅनिप्युलेशन द्यायचं तर व्यायामाच्या जोडीनं द्या, नुसतं नको.

काउंटरवाली (शिकागोजवळ)

मी एका कायरोच्या ऑफिसात फ्रंट डेस्क आणि बिलिंग बघते. तुमच्या फ्रिजवर आहे तसला कागद मी रोज छापते. आमचा १२ भेटींचा असतो.

एकाच कंबरेला एक जण सहा सांगतो आणि दुसरा ३६, ते कंबरेमुळे नाही. डी. डी. पामर या माणसानं १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हेनपोर्टला हा धंदा सुरू केला. इमारतीत साफसफाई करणाऱ्या एका बहिऱ्या माणसाच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्याचा दावा होता. बहुतेक सगळे रोग मणके सरकल्यामुळे होतात असं तो मानायचा. त्या मताचा एक गट आजही आहे. त्यांच्या लेखी दुखणं थांबलं तरी मणक्यातला दोष शिल्लकच असतो, मग भेटी संपतील कशा? दुसरा गट दुखण्यापुरतं बघतो, व्यायाम देतो आणि पेशंटला सोडतो. आमचे डॉक्टर दुसऱ्यातले. त्यांचा पगार घेते म्हणून म्हणत नाही, उलट पहिल्या गटाकडे बिलिंगवालीला जास्त मिळतं.

तुमच्या कायरोला सरळ विचारा, मला सोडणार कधी आणि ते कशावरून ठरवणार? उत्तरात एखादी तारीख किंवा वळणाचे अंश आले तर सावध व्हा. तुम्ही किती वेळ बसू शकता, झोप मोडते का, बादली उचलता येते का, यावर यायला हवं. पहिल्या दिवशी तुमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली असेल, बहुधा ओस्वेस्ट्री नावाची, दहा प्रश्नांची, कंबरेमुळे रोजची कामं किती अडतात ते मोजणारी. तो आकडा मागून घ्या, तुमचाच आहे. दहा-बारा भेटींच्या आत तीच प्रश्नावली पुन्हा भरायला लावतात का बघा. आकडा खाली येत असेल तर भेटींतलं अंतर वाढायला हवं. हलतच नसेल तर तेच उपचार पुढं ओढण्यात काय अर्थ?

मेडिकेअरची, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी इन्शुरन्सची, याबाबतची रेघ मला आवडते. कायरोकडचं मणक्याचं अ‍ॅडजस्टमेंट तेवढं ते देतात. त्यानं काढायला लावलेला एक्स-रे नाही, मसाज नाही. बिलाच्या कोडला ‘एटी’ जोडावं लागतं, म्हणजे उपचार चालू आहेत आणि सुधारणेची आशा आहे. सुधारणा थांबली की तो मेंटेनन्स, आणि मेंटेनन्सचे पैसे पेशंटच्या खिशातून. पासष्टीच्या लोकांना फोनवर हे समजावता समजावता माझा घसा बसतो. तुम्हाला मेडिकेअर नाही, पण रेघ तीच धरा. सुधारतेय तोवर उपचार. त्यापुढची भेट म्हणजे बंड्यादादांचा डोसा, हौसेनं जायचं तर जा.

आता पैसे. कोपेवर सूट हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. डॉक्टरचा इन्शुरन्स कंपनीशी करार असतो, आणि ठरलेला कोपे आपल्या मनानं कमी करणं त्यात सहसा बसत नाही. आधी इन्शुरन्सला फोन लावा. आणि एकदम भरलेच, तर मध्येच थांबल्यावर परतावा कसा मोजणार ते लेखी घ्या. पुष्कळ ठिकाणी झालेल्या भेटी पूर्ण दरानं धरतात, मग हातात येतं ते बघून रडू येतं.

एक्स-रेबद्दल सांगते. कायरोप्रॅक्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेनंच २०१७ मध्ये सांगितलंय की ताज्या कंबरदुखीत, स्नेहलनं लिहिली तसली लक्षणं नसतील, तर पहिले सहा आठवडे एक्स-रे काढू नका. आणि कंबरेच्या दुखण्यात मानेचा फोटो कशाला? सरळ मानेची, काहीही न दुखणारी माणसं ढिगानं सापडतील.

स्नेहल, फिजिओथेरपिस्ट, पुणे

मानेवरून आठवलं. मानेला झटका दिल्यावर धमनीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित घडतं, आणि दोष झटक्याचा की धमनी आधीच फाटत होती यावर वाद आहे. पण तुमची मान दुखतच नाहीये, तर तो धोका घेऊ नका. मान वगळा म्हणून सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सुखदा (एडिसन, न्यू जर्सी)

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले. कधी सोडणार विचारल्यावर तो जरा गडबडला, पण चिडला नाही. आता आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, मग फेरतपासणी, असं ठरलंय. प्रश्नावलीची प्रत मिळाली. व्यायामाचा कागद मागितल्यावर मिळाला, पाच व्यायाम आहेत, त्यातला एक मांजरासारखी पाठ करायचा, तो बघून मुलगा हसतो. मान वगळली. आगाऊ पैसे भरले नाहीत. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही, त्याला ३६ कसे पक्के वाटतात.

एक उपप्रश्न. आई जूनमध्ये येतेय, ७१ वर्षांची. तिचीही पाठ दुखते. कराडच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालीत म्हणून सांगितलंय. तिला एकदा दाखवू का याच्याकडे?

काउंटरवाली (शिकागोजवळ)

तिची प्रवासी पॉलिसी काय देते ते आधी बघा. बाकी स्नेहल सांगेल.

स्नेहल, फिजिओथेरपिस्ट, पुणे

झटक्याच्या अ‍ॅडजस्टमेंटसाठी नको. ठिसूळ हाडांत मणका दबू शकतो, बरगडी मोडू शकते. निघण्याआधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) झालाय का विचारा, नसेल तर भारतातच करून रिपोर्ट बरोबर द्यायला सांगा. पाठ हळूहळू दुखायला लागली की एखाद्या दिवशी अचानक, खोकताना वा काही उचलताना, हेही विचारा. अचानक असेल, किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर मणका आधीच दबलेला असू शकतो. तसं असेल तर विमानात बसण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून पाठीचा एक्स-रे काढून घ्या. अशा वेळी तो काढायलाच हवा.