शब्दचर्चा : ‘अन्नसुरक्षा’ आणि ‘बेगमी’

प्रश्न : एक शिक्षिका, सोलापूर

आठवीच्या वर्गात ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द समजावून सांगत असताना एका मुलीने विचारले, “बाई, म्हणजे धान्याच्या गोदामाला पहारेकरी ठेवायचा का?” मला तिची शंका अगदी रास्त वाटली. सुरक्षा म्हटले की आपल्यासमोर सुरक्षारक्षक उभा राहतो, किंवा फार तर हेल्मेट. दुसरीकडे, आमच्या भागात ‘तुमचे नाव अन्नसुरक्षेत आहे का?’ असे विचारले जाते, तेव्हा २०१३च्या कायद्यानुसार माणशी दरमहा मिळणाऱ्या पाच किलो धान्याच्या यादीत नाव आहे का, एवढाच त्याचा अर्थ असतो. जगाच्या उद्याच्या अन्नाविषयी बोलताना हाच शब्द वापरायचा, तर त्याचा नेमका अर्थ काय सांगावा, आणि त्याला जुना मराठी शब्द आहे का?

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षक, पंढरपूर

बाई, शब्द आहे, आणि तो आपल्या घराघरांत होता : बेगमी. सुगी झाली, रास घरी आली, ज्वारी कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरली आणि वरून शेणमातीने लिंपली, की घरातील वडीलधारी बाई पदराला हात पुसत म्हणायची, “झाली वर्षाची बेगमी.” आज आपण बेगमी म्हणजे साठा असे समजतो, पण शब्दाच्या पोटात साठा नाहीच. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख, चिंता. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ निर्धास्तपणा असा आहे. (राणी या अर्थाच्या ‘बेगम’शी त्याचा संबंध नाही, तो शब्द तुर्की मुळाचा आहे.) विशेष असे, की ज्या इंग्रजी ‘सिक्युरिटी’चे भाषांतर म्हणून आपण सुरक्षा घेतली, तिचे लॅटिन मूळही ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे चिंता असेच आहे. दोन्ही शब्दांची घडण तंतोतंत एक असताना आपण भाषांतरात राखण तेवढी घेतली आणि निर्धास्तपणा सोडून दिला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

संकल्पनेचा इतिहासही याच दिशेने गेला आहे. १९७४च्या जागतिक अन्न परिषदेत भर होता तो मुख्यतः पुरवठ्यावर, म्हणजे जगात पुरेसे धान्य आहे की नाही यावर. १९९६मध्ये रोमच्या जागतिक अन्न शिखर परिषदेने जी व्याख्या मांडली, तिच्यात सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळावे, ते विकत घेण्याची ऐपत असावी, आणि ते त्यांच्या गरजेला व आवडीला धरून असावे, असे म्हटले आहे. त्यातील ‘सर्व काळ’ हे दोन शब्द बेगमीचे आहेत. आपल्या भाषेने तर दुष्काळ आणि सुकाळ या दोन्ही शब्दांत धान्याचे नावही न घेता काळालाच धरले आहे.

उत्तर : ज्वारी उत्पादक शेतकरी, मंगळवेढा

गुरुजी, शब्द गोड आहे, पण त्याची एक बाजू राहिली. बेगमी ज्याच्या घरी रास येई त्याची. ज्याला शेत नव्हते, त्याच्या घरी बेगमी हा शब्द कोण उच्चारणार? १९७२च्या दुष्काळात माझी आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होती. तिथे सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, मिळे. आई सांगायची, की मिलोची भाकरी थापताना कड फाटायची, तव्यावर टाकताना तुकडे पडायचे, आणि पोट भरले तरी जेवल्यासारखे वाटायचे नाही. आमच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पिकते, मोहोळच्या संशोधन केंद्रावर तिच्यातून एम ३५-१ हे वाण निवडले गेले, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्या मातीतल्या माणसांना ती भाकरी गिळताना काय वाटले असेल? आपण सांगितलेल्या व्याख्येतील ‘आवड’ हा शब्द मला चैनीचा वाटत नाही तो यामुळे.

तरीही त्या मिलोने माणसे जगवली, आणि काम मागण्याचा हक्क पुढे १९७७च्या कायद्यात आला. म्हणून शासनाच्या जबाबदारीसाठी ‘सुरक्षा’ हाच शब्द राहू द्यावा असे माझे मत आहे. बेगमी ज्याची त्याने करायची असते. सुरक्षा मागता येते.

शिवाय एकाची बेगमी दुसऱ्याला घोर लावू शकते. युक्रेनच्या युद्धाने गव्हाचे भाव चढले तेव्हा आपल्या देशाने मे २०२२मध्ये गव्हाची निर्यात थांबवली, आणि जुलै २०२३मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. आपल्या घरचे पाहणे चुकीचे नव्हते, पण आपल्या तांदळावर चूल पेटणाऱ्या देशांत त्या आठवड्यात काय झाले असेल, हे दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

उत्तर : अंगणवाडी सेविका, सोलापूर

माझ्या अंगणवाडीत विडी कामगारांची मुले येतात. आमच्या कागदावर ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) हे शब्द असतात; दंडाच्या घेराची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली तांबडी दिसली, की ते मूल तीव्र कुपोषित. परंतु आईला कुपोषण हा शब्द सांगितला, तर तिला तो आरोप वाटतो, कारण तिने उपाशी ठेवलेले नसते. ती म्हणते, “खातो हो, पण अंगी लागत नाही.” अन्नसुरक्षेच्या चार अंगांपैकी (उपलब्धता, ऐपत, उपयोग, स्थैर्य) एकाला पुस्तकात ‘उपयोग’ असे कोरडे नाव दिलेले मी पाहिले आहे. अंगी लागणे हेच त्याचे मराठी नाव आहे. त्यात पाणी कसले आहे, जुलाब किती वेळा झाले, वाटीत भाताबरोबर डाळ, अंडे, भाजी होती का, हे सगळे येते.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४मध्ये जगात सुमारे ६७.३ कोटी माणसे भुकेली होती, आणि आरोग्यदायी आहार न परवडणारी सुमारे २६० कोटी. या दोन आकड्यांमधली बरीच माणसे पोट भरत असतील, पण अंगी लागेल असा आहार त्यांना परवडत नाही. २०३०पर्यंत भूक संपवायची असे जगाने ठरवले आहे. त्या वर्षीही सुमारे ५१ कोटी माणसे भुकेली असतील असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. धान्याचे आकडे वाढले तरी माझी पट्टी तांबडीच राहिली, तर त्याला सुरक्षा कशी म्हणावी?

पुन्हा शिक्षिका, सोलापूर

आपणा सर्वांची आभारी आहे. उद्या फळ्यावर मी ‘अन्नसुरक्षा’ हाच शब्द ठेवीन, कारण तो कायद्यात आहे आणि मुलींना तो मागता आला पाहिजे. त्याखाली मिळणे, परवडणे, अंगी लागणे आणि बेगमी ही चार नावे लिहीन. एक शंका मात्र उरते. २०१८पर्यंत सरकारी कागदांवर ज्वारी-बाजरीला ‘भरडधान्य’ म्हणत असत; मग ती ‘पौष्टिक तृणधान्ये’ झाली आणि २०२३च्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’. नावे बदलली तरी माझ्या वर्गातल्या मुली अजून डब्यात भाकरी आणायला लाजतात आणि पोळी आणतात. अक्कलकोट भागात ज्वारीला कन्नडमधून ‘जोळ’ म्हणतात, तिथल्या घरांत तिच्याविषयी मानाने बोलण्याचे आणखी कोणते शब्द आहेत, हे कोणी कळवले तर तेही मला वर्गात सांगता येतील.