जनुक म्हणजे निकाल नव्हे

'वडिलांना अल्झायमर झाला, म्हणजे मलाही होणारच' हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय: आजाराचा फक्त धोका वाढवणारं जनुक आणि आजार घेऊनच येणारं जनुक.

बहुतेकांना हा आजार पासष्टीनंतर होतो. त्यात एपीओई जनुकाच्या ई-४ प्रकाराचा मोठा वाटा आहे. तो आईवडिलांपैकी एकाकडून आला तर धोका साधारण तिप्पट होतो, दोघांकडून आला तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहेत. शिवाय ई-४ असूनही अनेकांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते आणि तो नसलेल्यांनाही आजार होतो.

खरोखर पिढ्यानपिढ्या चालत येणारा प्रकार फार दुर्मीळ. कोलंबियातल्या अँटिओक्विया भागात एक मोठं कुळ आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अनेक दशकं त्याचा अभ्यास केला. प्रेसेनिलिन-१ नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे तिथे चव्वेचाळिशीच्या आसपासच विसराळूपणा सुरू होतो. पण त्याच कुळातल्या एका बाईंना तो त्रास सत्तरीपर्यंत झाला नाही! या आजारात मेंदूत साचणाऱ्या दोन प्रथिनांपैकी अमायलॉइड त्यांच्या मेंदूत भरपूर होतं, टाऊ मात्र कमी. त्यांच्याकडे एपीओईचाच 'क्राइस्टचर्च' नावाचा दुर्मीळ बदल आई आणि वडील दोघांकडून आलेला होता. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं.

वडिलांचा आजार कितव्या वर्षी सुरू झाला? साठीच्या आत असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकाला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला, भेटा. घरबसल्या जनुकांची चाचणी मागवू नका, कळकळीने सांगतो.